नाव, गाव, प्राणी, बंपर

नवी मुंबईच्या नेरूळमधल्या बहुतेक टकरी टक्कर म्हणवून घेण्याच्या लायकीच्याही नसतात. पाम बीच रोड याला अपवाद. तिथे रात्रीबेरात्री जे घडतं त्यावर हलक्या सुरात लिहू नये, आणि मी लिहिणारही नाही. मी बोलतोय ते सेक्टरांतल्या आतल्या रस्त्यांबद्दल. सिडकोनं ते आखले तेव्हा ऐसपैसच वाटले असणार. आता दोन्ही कडांना गाड्यांच्या रांगा, रांगेपुढे भाजीची हातगाडी, हातगाडीपुढे भाजी घेणाऱ्या बाई आणि बाईंपुढे त्यांची चालू ठेवलेली स्कूटी, एवढं वजा जाता मधे जे काही उरतं त्याला रस्ता म्हणायचं. त्या उरलेल्यातून एनएमएमटीची बस, शाळेची व्हॅन आणि मोबाइलवर बिल्डिंग शोधणारा डिलिव्हरीवाला एकाच वेळी जायला बघतात. वेग सायकलवाल्यानं हसावं असा. त्यामुळे होऊन होऊन काय होतं, तर आरशाला आरसा लागतो, बंपरला बंपर टेकतो, नाहीतर हँडलची मूठ कुणाच्या तरी दारावरून फिरते. नुकसान चार बोटांचं. भांडण मात्र पाऊण तासाचं.

या भांडणाची कार्यक्रमपत्रिका ठरलेली आहे. दोघं उतरतात. आधी आपापल्या गाडीकडे बघतात, मग समोरच्याच्या गाडीकडे, आणि सगळ्यात शेवटी समोरच्याकडे. ओरखड्यावरून बोट फिरवून ते त्याच्या नाकासमोर धरतात. मग ‘दिसत नाही का?’ हा प्रश्न येतो. आजवर या प्रश्नाला कुणी ‘नाही’ असं प्रामाणिक उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही. त्यानंतर लायसन्स कुठून आणलं याची चौकशी. तोवर माणसं जमलेली असतात आणि त्यांच्यात दोन तट पडलेले असतात. एकानं काहीच पाहिलेलं नसतं, पण आवाज ऐकलेला असतो, आणि नुसत्या आवाजावरून त्यानं चूक कुणाची ते ओळखलेलं असतं. तपास, उलटतपासणी, युक्तिवाद आणि निकाल, सगळं जागच्या जागी उरकतं. मग मागचे हॉर्न असह्य झाले की दोघं आपापल्या वाटेनं निघून जातात. आणि एवढं सगळं होऊनही एकाचं नाव दुसऱ्याला कळलेलं नसतं.

गंमत अशी की कायद्याला त्या क्षणी नेमकं तेवढंच हवं असतं.

आपला मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. १ जुलै १९८९ पासून तो लागू आहे. त्याचं कलम १३२ सांगतं की गाडीमुळे अपघात झाला किंवा कुणाचं नुकसान झालं, आणि ज्याचं झालं त्यानं विचारलं, तर चालकानं स्वतःचं नाव-पत्ता सांगायचा. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाचाही सांगायचा. पण यात एक मेख आहे. विचारणाऱ्यानंही आपलं नाव-पत्ता द्यायला हवा. पुढचं पोटकलम याहून कडक. समोरचा बेदरकारपणे गाडी चालवतो असा कुणाचा आरोप असेल, तर त्या आरोप करणाऱ्यानंसुद्धा आधी स्वतःचं नाव-पत्ता सांगायचा आणि मगच त्याचं मागायचं. चूक कुणाची, हे तिथल्या तिथे ठरवा असं या कलमात कुठेही म्हटलेलं नाही. ते नुसतं दोन अनोळखी माणसांना म्हणतं, आधी ओळख करून घ्या.

मे महिन्याच्या सुट्टीत आपण वहीच्या पानावर रेघा मारून नाव-गाव-फळ-फूल खेळायचो, त्याचाच हा सरकारी अवतार आहे. नाव आहे, गाव आहे, आणि पुढे दिसेल, प्राण्यांचा रकानाही आहे.

याच कलमात थांबण्याचीही तरतूद आहे. अपघातानंतर गणवेशातल्या उपनिरीक्षकानं किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानं सांगितलं, तर गाडी जरूर तेवढा वाजवी वेळ जागेवर उभी ठेवायची, पण २४ तासांपेक्षा जास्त नाही. ही मर्यादा ज्यानं कुणी लिहिली त्याच्या मनात चालकाची दया असणार. संध्याकाळी सातनंतर सेक्टरात घिरट्या घालत जागा शोधणाऱ्या नेरूळकराला मात्र ती सवलत वाटेल. एकाच जागी २४ तास, सरकारी हुकमानं, आणि कुणी ‘गाडी काढा’ म्हणायचं नाही!

ओळख करून घेण्याची सक्ती नेरूळसारख्या ठिकाणी किती मोलाची, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे ही मूळची गावं. तिथे अजून हाक मारली की तीन घरांतून ‘ओ’ येते. त्यांच्या भोवती उठलेल्या सोसायट्यांत माणसं साताऱ्याहून आली, कोकणातून आली, केरळातून आली, उत्तरेतून आली, आणि फ्लॅटच्या नंबरात विरून गेली. ‘सहाशे दोनवाले’ एवढीच त्यांची ओळख. लिफ्टमध्ये माणूस माणसाला भेटतो तेव्हा दोघंही मजल्यांचे आकडे वाचत असतात. वर्षानुवर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्यांना एकमेकांची नावं विचारायला सरकारनं आजवर फक्त एका प्रसंगी भाग पाडलंय. तो प्रसंग म्हणजे बंपर.

मागे एकदा वंडर्स पार्कच्या बाजूच्या चौकात मी शहाळंवाल्यापाशी उभा होतो. एक पांढरी वॅगनआर डावीकडे वळली आणि मागून आलेल्या स्कूटरनं तिच्या आरशाला टोला दिला. नीट सांगायचं तर टोला हेल्मेटनं दिला. ते स्कूटरच्या आरशाला लटकत होतं. डोक्यावर असतं तर मोटारीचा आरसा वाचला असता. मोटारीचा आरसा आत मिटला, आणि काच निघून रस्त्यावर पडली.

पहिली फेरी हिंदीत झाली. नवी मुंबईत दोन मराठी माणसं भांडायला उभी राहिली की राष्ट्रीय एकात्मतेपासून सुरुवात करतात.

“देखके नहीं चला सकते क्या?”

“आपने इंडिकेटर किधर दिया?”

“दिया था ना!”

“दिया था, राइट का. और मुडे लेफ्ट में.”

यावर मोटारवाल्याला उत्तर सुचेना. तो काच उचलायला वाकला आणि पुटपुटला, “आयला, दुसऱ्यांदा गेली ही काच.”

स्कूटरवाला जरा थांबला. “मराठी हाय व्हय तुमी?”

दुसरी फेरी मराठीत सुरू झाली आणि तिचा आवाज आपोआप दोन पट्ट्या खाली आला. शहाळ्याचं पाणी संपवून खोबरं खात असलेले एक काका पुढे झाले आणि म्हणाले, “आधी नाव-नंबर घ्या एकमेकांचे. बाकीचं मग.” तर मोटारवाला म्हणतो, “यांनी आधी सांगावं.” स्कूटरवाला म्हणतो, “मी का म्हणून आधी?” संसदेनं घातलेली अट दोघंही तंतोतंत पाळत होते, आणि दोघांच्याही गावी नव्हतं. शेवटी स्कूटरवाल्याची नजर नंबर प्लेटवर गेली.

“एमएच-अकरा. साताऱ्याकडचे का?”

“कोरेगाव.”

“कोरेगावात कुठं?”

“रहिमतपूर.”

“अहो, आमची धाकटी आत्या रहिमतपूरला दिलीय.”

“कुणाच्यात?”

एक आडनाव निघालं. ते दोघांच्याही ओळखीचं निघालं. त्यानंतर जे सुरू झालं तेही भांडणच होतं, पण उलट्या दिशेचं. एक खिशातून पैसे काढतोय, दुसरा हात मागे लोटतोय. “राहू द्या हो, लोकल काच टाकून घेतो.” “नाही नाही, घ्याच.” मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवरचा हात काढला नसता तर हे मूळच्या भांडणाहून लांबलं असतं. जाताना नंबर घेतले गेले. स्कूटरवाल्यानं तो ‘आरसा रहिमतपूर’ या नावानं सेव्ह केला, हे मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. कलम १३२ चं पालन पूर्ण झालं. फक्त क्रम बदलला. कायदा आधी नाव विचारतो, मराठी माणूस आधी गाव विचारतो.

आता प्राण्यांचा रकाना. या कलमात जनावरांची यादी दिलेली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे: घोडा, गुरंढोरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी आणि शेळी. एकूण आठ. ‘ह’ आला तर हत्ती, ‘उ’ आला तर उंट, अशी एखाद्या हुशार पोरानं भरावी तशी. नेरूळमध्ये गाडीखाली जाण्याची भीती ज्याला खरोखर आहे तो कुत्रा मात्र यादीत नाही. मांजरही नाही. ब्रिटनच्या रस्ते वाहतूक कायद्यातही अशीच आठ जनावरांची यादी आहे, आणि तोही योगायोगानं १९८८ चाच. त्यांच्या यादीत कुत्रा आहे, डुक्करही आहे. त्या दोघांच्या जागी आपल्याकडे हत्ती आणि उंट आले. हा बदल करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कुठल्या तरी संस्थानाची मिरवणूक असावी.

कुत्र्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी जेवण पोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीसमोर मरिन ड्राइव्हवर कुत्रा आला आणि मेला. पोलिसांनी त्या मुलावर माणसाच्या जिवाला धोका पोचवण्याची कलमं लावली. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला. कुत्रा-मांजर पाळणाऱ्यांना लेकरासारखी असली तरी कायद्यानं ती माणसं होत नाहीत, असं सांगितलं, आणि मुलाला २० हजार रुपये देण्याचा हुकूम राज्य सरकारला दिला. ते पैसे गुन्हा नोंदवणाऱ्यांच्या पगारातून वसूल करायचे होते. याचा अर्थ कुत्र्याला धडकून खुशाल पुढे जावं असा नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा वेगळा कायदा आहे, आणि त्याहून जुनी आपली लाज आहे. एवढंच की कलम १३२ च्या वहीत कुत्र्याला रकाना नाही.

याच कलमातली दुसरी तरतूद मला फार आवडते. जनावर सोबत असलेल्या माणसाला वाटलं की गाडीमुळे ते बुजेल, बिथरेल, आणि त्यानं थांबायला सांगितलं, तर चालकानं थांबलंच पाहिजे. म्हणजे आमच्या सेक्टरात कधीमधी गुबुगुबु वाजवत येणारा नंदीबैलवाला मनात आणील तर जर्मन बनावटीची मोटार हात दाखवून उभी करू शकतो. ‘साहेब, बैल बुजतोय’ एवढंच त्यानं म्हणायचं. बैल मान हलवून दुजोरा देईलच.

पक्षी तर कुठल्याच यादीत नाहीत. तरी त्यांच्या एका टकरीची नेरूळनं दखल घेतली. इथल्या जेट्टीजवळचा मोठा फलक फ्लेमिंगोंच्या वाटेत येत होता, त्याला धडकून पक्षी मेले, ओरड झाली, आणि २०२४ मध्ये तो फलक काढला गेला. धडकेनंतर जागची हलली ती उभी असलेली बाजू, असं उदाहरण आमच्याकडे तरी एवढंच.

इथवर ओरखड्याचं झालं. कलम १३४ कागदावर दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीलाही लागू आहे, पण माणसाला लागलं की ते खरं सुरू होतं आणि चेष्टा संपते. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोचवायचं, हे चालकाचं पहिलं काम. चूक कुणाची का असेना. दुसरं, पोलीस विचारतील ती माहिती द्यायची, आणि पोलीस समोर नसतील तर होईल तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, सर्वांत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं. शब्द ‘जवळच्या’ असा आहे, ‘हद्दीतल्या’ असा नाही. नेरूळमध्ये एका बाजूला नेरूळ पोलीस ठाणं आणि दुसऱ्या बाजूला एनआरआय सागरी पोलीस ठाणं, तेव्हा हद्दीचा नकाशा पाठ नसला तरी चालतं. तिसरं, विमा कंपनीला लेखी कळवायचं: पॉलिसीचा क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा, कुणाला लागलं, आणि गाडी चालवणारा कोण. हे टाळणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

किरकोळ लागलेल्यालाही दवाखान्यात का न्यायचं, असं वाटतं खरं. रस्त्यावर पडलेला माणूस आधी आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघतो, मग कपडे झटकतो आणि ‘काही नाही, काही नाही’ म्हणत उठतो. त्याचा गुडघा त्या वेळी भिडस्त असतो. रात्री घरी गेल्यावर तो सुजतो आणि खरं बोलू लागतो. तोवर तुमचा पत्ता त्याच्याकडे नसेल तर तुम्ही सभ्यपणे थांबलेला माणूस राहत नाही, ठोकून पळालेला ठरता. ओरखड्याची मांडवली होते, हाडाची होत नाही. पाचशेची नोट खिशात कोंबून सुटका करून घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

कलम १३४ मध्ये आणखी एक बारीकशी ओळ आहे. जखमीला मदत करायची, पण जमावाच्या क्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. कायदा आपल्याला ओळखून आहे. चालकाची कर्तव्यं लिहितानाच त्यानं आपली सोय करून ठेवलीय, आपली म्हणजे बघ्यांची. ही ओळ वाचताना जरा ओशाळायला होतं. देशाच्या कायद्यात आपला उल्लेख आला तो अडथळा म्हणून.

यावर पुढे बरीच गरमागरमी झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद असं लिहिलं होतं. ती लागू होण्याआधीच, २०२४ च्या जानेवारीत, देशभरचे ट्रकचालक रस्त्यावर उतरले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नेरूळला उरण फाट्यापलीकडच्या कंटेनरांच्या जगाशी शेजार, त्यामुळे हा विषय इथे टीव्हीवरचा नव्हता. चालकांचं म्हणणं साधं होतं: थांबलो तर लोक मारतील, पळालो तर कायदा. सरकारनं चर्चेशिवाय ते पोटकलम लागू करणार नाही असं सांगितलं, आणि बाकी संहिता आली तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं. त्या चालकांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. पण पळणारा जितका कायद्याला घाबरून पळतो, तितकाच आपल्याला घाबरून पळतो, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

आणि मदतीला धावणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आणलं. चांगल्या भावनेनं जखमीला उचलणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला आपलं नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे नाव कुणी सांगायचं याचा हिशेब कायद्यानं चोख मांडलाय. ज्याची गाडी लागली त्यानं सांगायचं, ज्यानं हात दिला त्यानं नाही सांगितलं तरी चालेल. रस्त्यावर बरोबर उलटं दिसतं. गाडीवाला नाव लपवतो, आणि ज्यानं फक्त बाटलीतलं पाणी पुढे केलं तो व्हिजिटिंग कार्ड देतो.

आता वस्तूंचा रकाना, म्हणजे बंपर. ‘इन्शुरन्स आहे ना, मग काय!’ असं म्हणणाऱ्यानं आपली पॉलिसी वाचलेली नसते. वाचणार कशी, तिची अक्षरं वाचायला चष्मा लागतो आणि चष्म्याचा विमा नसतो. त्या बारीक अक्षरांत एक अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं चूक कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही, परस्पर काही देऊन टाकायचं नाही. म्हणजे लहानपणी आईनं शिकवलेलं ‘चुकलं माझं, म्हण’ हे वाक्य पॉलिसीच्या हिशेबात महाग पडू शकतं. मराठी माणूस या बाबतीत मुळातच विमा कंपनीचा लाडका आहे. त्याच्या तोंडून ते वाक्य लेखी संमती मिळाली तरी निघत नाही.

आता जरा हिशेब. समजा बंपरचं बिल ६,००० झालं. त्यात ४,००० चा नवा बंपर आणि २,००० मजुरी. बंपर प्लास्टिकचा, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात. झाले २,००० वजा. लहान मोटारीला, म्हणजे १,५०० सीसीपर्यंत, पहिले १,००० आपल्यालाच भरावे लागतात. हातात येणार ३,०००. पण पाच वर्षं क्लेम न केल्यानं तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर गेलेला असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता समजा ८,००० असेल, तर त्यावरची ४,००० ची सूट पुढच्या वर्षी गेली. तीन मिळवायला चार घालवायचे. बोनसची चढण पुन्हा २० टक्क्यांपासून, आणि तीही आणखी एक वर्ष निमूट काढल्यावर. ‘झीरो डेप’ घेतलेल्यांचा घसारा वाचतो, बोनस वाचेलच असं नाही. म्हणून तर नेरूळच्या निम्म्या गाड्या ओरखडे अंगावर वागवत हिंडतात. त्यांचे मालक गरीब नसतात. ते बोनस राखून असतात.

समोरच्याच्या नुकसानीसाठी थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीला साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. त्याचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. पण साडेतीनशे रुपयांच्या आरशासाठी वकील लावून न्यायाधिकरणाची पायरी चढलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्यामुळे शेवट चहाच्या टपरीवर होतो, आणि तो बेकायदा नाही. दोन शहाण्या माणसांनी आपापल्या ओरखड्याचा हिशेब आपसांत मिटवायला कुठल्याही कलमाची आडकाठी नाही. अट एवढीच की कुणाला लागलेलं नसावं, आणि नंतर विमा कंपनीकडे जायचं नसावं. पोलिसांना कळवण्याचं कलम १३४ मधलं कर्तव्य मात्र आपसांत मिटवल्यानं मिटत नाही.

सगळ्यात अवघड टक्कर ती, जिच्यात समोर कुणीच नसतं. सकाळी पार्किंगमध्ये उतरावं तर मागच्या दाराला पोचा पडलेला. ठोकणारा चौऱ्याऐंशी फ्लॅटांपैकीच कुणीतरी, कारण बाहेरच्याला तिथवर वॉचमन येऊ देत नाही. कॅमेरा त्या दिवशी बंद, वॉचमन नेमका चहाला गेलेला. सेक्रेटरी नोटीस लावतात, ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’. सर्व सभासद ती वाचतात आणि ‘काय लोक असतात!’ म्हणतात. ज्यानं ठोकलं तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो.

जर्मनीत उभ्या गाडीला धक्का लावून काचेवर चिठ्ठी ठेवली तरी भागत नाही. मालकाची वाजवी वेळ वाट बघायची, तो आला नाही तर पोलिसांना कळवायचं. नुसती चिठ्ठी ठेवून निघून जाणारा तिथे पळालेलाच धरला जातो. जपानात टक्कर कितीही बारीक असो, पोलिसांना सांगावंच लागतं, आणि विम्यासाठी अपघाताचा अधिकृत दाखला लागतो. आपल्याकडे कुणी वायपरखाली नाव आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवली तर सोसायटी त्याला पुढच्या सर्वसाधारण सभेत शाल-श्रीफळ देईल. दिलंच पाहिजे. वहीतले पहिले दोन रकाने त्यानं कुणी न विचारता भरलेले असतात.

तेव्हा टक्कर झालीच तर क्रम फार अवघड नाही. गाडी थांबवा. कुणाला लागलंय का ते आधी बघा, लागलं असेल तर १०८ किंवा ११२ लावा. दोन-चार फोटो काढा, गाड्या कडेला घ्या, मागच्या बसमधल्या पन्नास जणांनी आपलं काही वाकडं केलेलं नाही. आपलं नाव सांगा, त्याचं विचारा, आणि बरं वाटत असेल तर गावही विचारून घ्या. चूक कुणाची ते ठरवायला विम्याचा सर्व्हेअर आहे, पोलीस आहेत, प्रकरण तिथवर गेलंच तर न्यायाधीशही आहेत. या सगळ्यांना त्या कामाचे पैसे मिळतात. आपण तेच काम भर चौकात, भर उन्हात, फुकट करतो, आणि वर घरी गेल्यावर कोथिंबीर विसरल्याबद्दल ऐकून घेतो.